शेवटच्या रिळात देवऋषी आणायचा का?

प्रश्न साताऱ्याच्या एका तरुण दिग्दर्शकाचा आहे. वाईजवळच्या जुन्या वाड्यात त्याने ३२ दिवसांत आपला पहिला मराठी भयपट चित्रित केला. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, ११८ मिनिटांचा झाला. आता निर्माते तीन गोष्टी मागतात: भूत पहिल्या दहा मिनिटांत दिसलं पाहिजे, आडावरचा चार मिनिटांचा प्रसंग एका मिनिटावर आणायचा आणि शेवट बदलायचा. आत्ता सून वाड्याचा दिंडी दरवाजा आतून लावून घेते आणि चित्रपट संपतो. त्याऐवजी देवऋषी येऊन वाडा मोकळा करतो, असं त्यांना हवं आहे. चार दिवसांच्या पॅचवर्कचा, म्हणजे नव्याने करायच्या चित्रीकरणाचा, खर्च ते उचलतील. दिग्दर्शक विचारतो, "अडून बसू, नाव काढून घेऊ, की मुकाट ऐकू?"

तुझा प्रश्न वाचल्यावर मनात पहिलं आलं ते हे, की निर्मात्यांनी हा कट पाहिला कुठे? ते तू लिहिलेलं नाहीस. आणि माझ्या मते अर्धं भांडण तिथेच आहे.

बहुतेक वेळा आपण लिंक पाठवतो. ते दुपारी ऑफिसात, लॅपटॉपवर, मध्ये दोन फोन घेत बघतात. आवाज म्हणजे लोकेशनचा कच्चा ट्रॅक, मागे जनरेटरची घरघर, कुठेतरी कुणाचं खोकणं. अशा अवस्थेत कौटुंबिक चित्रपट कळतो, विनोदी प्रसंगही कळतो. भयपट कळत नाही, कारण त्यातली भीती निम्मी आवाजात असते आणि तो आवाज अजून तयारच झालेला नसतो. निर्मात्याला समोर काय दिसतं? एक बाई चार मिनिटं पाणी शेंदते आहे. तो म्हणणारच, की कापा.

मी पंचवीस वर्षं संकलन करतो आहे. आधी अंधेरीला होतो, आता सांगलीत. असाच एक आडाचा प्रसंग माझ्या टाइमलाइनवरही आला होता. माजघरातून बाई मागच्या चौकात येते, पोहरा आडात सोडते, दोर हातातून सरकत राहतो, पोहरा पाण्याला लागतो. ती ओढायला लागते. अर्ध्यावर दोर हलका होतो. एवढंच. ३ मिनिटं ४० सेकंद. निर्माते म्हणाले, मिनिटभरात आटपा. दिग्दर्शक रागाने उठून निघाला होता. मी आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत आमचा साउंडवाला मिरजेच्या पुढच्या एका गावात जाऊन खराखुरा रहाट रेकॉर्ड करून आला. रातकिड्यांचा थर आम्ही पहिल्या सेकंदापासून लावला, इतका हळू की तो आहे हे लक्षातही येऊ नये. आणि दोर हलका होतो त्याच्या दोन सेकंद आधी रातकिडे बंद केले. संगीत शून्य. मग मी तो प्रसंग पुन्हा पाहिला तेव्हा खरा दोष दिसला. दोर हलका व्हायच्या आधीच बाईच्या घाबरलेल्या चेहऱ्याचा एक क्लोजअप होता. ती आधी घाबरत होती, प्रेक्षक नंतर. मी तो काढून टाकला, इकडचे तिकडचे काही फ्रेम उडवले, प्रसंग ३ मिनिटं १० सेकंदांवर आला.

सांगलीतल्या एका थिएटरमालकाला विनवून आम्ही शेवटचा शो सुटल्यावर पडदा मागितला. आठ माणसं होती. निर्माते, त्यांच्या सौभाग्यवती, ड्रायव्हर, आम्ही. रातकिडे थांबले तेव्हा वहिनींनी शेजारच्या खुर्चीचा हात धरला. तो प्रसंग तसाच राहिला, लांबीचं नाव पुन्हा निघालं नाही.

पण यात निर्माते चुकले होते असं मी कधीच म्हणत नाही. काहीतरी दुखतंय हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. मिरजेच्या कुठल्याही डॉक्टरला विचार, पेशंट दुखतं कुठे ते बरोबर दाखवतो, गोळी मात्र स्वतःच्या मनाने मागतो. "लांब आहे" ही मागितलेली गोळी होती. दुखणं त्या क्लोजअपचं होतं. तेव्हा तुझ्या आडाच्या प्रसंगाबद्दल माझं म्हणणं असं: एकही फ्रेम कापू नकोस आणि एकही फ्रेम वाचवायची शपथ घेऊ नकोस. आधी आवाज लाव, अंधारात दाखव, आणि त्यांचं अंग नेमकं कोणत्या क्षणी सैल पडतं ते पडद्याकडे पाठ करून बघ. मी आजही तसंच बसतो.

दुसरी मागणी, भूत पहिल्या दहा मिनिटांत. हे भांडण फार जुनं आहे. १९४२ साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने व्हॅल ल्यूटन या निर्मात्याकडे भयपटांचं खातं सोपवलं. अटी मोजक्या: नाव स्टुडिओ देणार, खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत. बाकी तुमचं तुम्ही बघा. 'कॅट पीपल' हे नाव आधी आलं, गोष्ट नंतर रचली गेली. दिग्दर्शक जाक तुर्नर. जनावर पडद्यावर दाखवायचं त्याच्या मनात नव्हतं, पण वरून हुकूम आला, बिबट्या दिसलाच पाहिजे. एका प्रसंगात त्यांनी तो आणला, तोही अंधारात. लोकांच्या लक्षात मात्र जनावराविनाचे प्रसंग राहिले. पोहण्याच्या तलावाच्या भिंतींवर हलणारी सावली. आणि रात्रीच्या रस्त्याने भराभर चाललेली बाई, तिच्या मागे काहीतरी आहे अशी खात्री होत जाते, आणि अंगावर फिस्कारल्यासारखी बस येऊन थांबते. बसची ती युक्ती संकलक मार्क रॉबसनची. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून मला तिचं जरा जास्तच कौतुक आहे.

पंधरा वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच तुर्नरने इंग्लंडमध्ये 'नाइट ऑफ द डेमन' केला. तिथे निर्माता हॅल चेस्टरने त्याच्या इच्छेविरुद्ध राक्षस थेट पडद्यावर आणला, अगदी सुरुवातीलाच. चित्रपटाचा सगळा डोलारा "हे खरं की मनाचे खेळ" या शंकेवर उभा होता, आणि ती शंका पहिल्याच रिळात संपली. तुर्नरला ते अखेरपर्यंत खुपलं.

तरीही "कधीच दाखवू नये" हा नियम मी मानत नाही, आणि आपल्या भागातल्या माणसाने तर मानूच नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या परंपरेतले राक्षस "अलल्डुर्र" करून आरोळ्या ठोकत रंगमंचावर यायचे आणि पोरंबाळं आयांच्या पदराआड लपायची. तीही भीतीच, आणि ती उघडी, समोरासमोरची. (खुद्द भाव्यांच्या मागेही सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांची फर्माईश होतीच: कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींसारखे खेळ करा, पण त्यातला ओबडधोबडपणा काढा. १८५१ मध्ये राजाश्रय गेला तेव्हा भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले. पैसा देणारा आणि खेळ उभा करणारा यांचं नातं आपल्याकडे इतकं जुनं आहे.) रामसे बंधूंनी 'दो गज़ ज़मीन के नीचे'साठी सगळा लवाजमा आपल्या महाबळेश्वरला नेला. त्यांच्याकडे वडील निर्माते आणि दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन मुलांमध्ये वाटलेलं. भांडण झालंच तर घरातल्या घरात. ते भूत दाखवायचे, कारण त्यांना तसलाच चित्रपट करायचा होता.

तुझा चित्रपट तसला नाही. पण निर्मात्यांची भीती खरी आहे. चित्रपटात स्टार नाही, पहिले तीन दिवस गेले की थिएटर हातचं जातं, आणि ओटीटी प्लॅटफॉर्मला विकायला गेलं की समोरचा सुरुवातीची काही मिनिटं बघून मान हलवतो. त्यांना भूत नको आहे, खूण हवी आहे. ती दे. मधल्या भागात तुझ्याकडे नक्कीच असं काहीतरी असेल, माळवदावरून कुणी चालल्यासारखी माती झरणं किंवा देवघरातली समई आपोआप शांत होणं. त्यातलं एक पाचव्या मिनिटाला आण आणि कुणालाही त्याकडे बघू देऊ नकोस, फक्त प्रेक्षकाला दिसू दे. खर्च शून्य. अशी एक जागा सापडली तर ही मागणी मिटते, हे मी दोनदा अनुभवलं आहे.

खरा पेच तिसऱ्या मागणीत आहे. त्यावर सविस्तर बोलतो.

'द एक्झॉर्सिस्ट'ची मूळ कादंबरी आणि पटकथा विल्यम पीटर ब्लॅटीची. पुढे त्याने १९८३ मध्ये 'लिजन' नावाची कादंबरी लिहिली आणि तिच्यावर स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला. स्टुडिओला ओळखीचं नाव हवं होतं, म्हणून तो १९९० मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट ३' होऊन आला. गंमत बघ, कट तयार झाल्यावर स्टुडिओच्या लक्षात आलं की नाव 'एक्झॉर्सिस्ट' आणि चित्रपटात भूत उतरवणाराच नाही! मग पुन्हा शूटिंग झालं, फादर मॉर्निंग नावाचं नवं पात्र घुसवलं, आगीच्या लोळांचा शेवट जोडला. कोंडून ठेवलेल्या एका मनोरुग्णाचं काम ब्रॅड डुरिफने आधी एकट्याने केलं होतं. नंतर पहिल्या चित्रपटातला जेसन मिलर आणला आणि दोघांचे चेहरे आलटून पालटून वापरले. ब्लॅटीने ते सगळं स्वतःच चित्रित केलं, कारण नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी करणार होता. तो चित्रपट आज बघताना शेवटचा भाग दुसऱ्याच चित्रपटातला वाटतो. देवऋषी नंतर चिकटवला की शिवण दिसतेच.

आणि त्याच चित्रपटात दवाखान्याच्या कॉरिडॉरचा तो प्रसंग आहे. कॅमेरा लांब, जागेवरून हलत नाही. रात्रपाळीची नर्स एका खोलीत जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. ग्लासातला बर्फ तडकतो, आपण दचकतो, काहीच नसतं. पुन्हा तोच कॉरिडॉर, पुन्हा तीच शांतता. आपण खुर्चीत सैल होतो, आणि नेमक्या त्या क्षणी तिच्या मागच्या दारातून पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी मोठी कात्री धरून येतं. तुझ्या निर्मात्यांना हा प्रसंग एकदा अंधारात दाखव. आडाबद्दल वेगळं समजवावं लागणार नाही.

देवऋष्याबद्दल मला आणखी एक सांगायचं आहे आणि ते संकलक म्हणून नाही. तू साताऱ्याचा आहेस. नरेंद्र दाभोलकर तुझ्याच गावचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भुताची गोष्ट सांगणं वेगळं, ती आपण आजीच्या मांडीवर ऐकत आलो, धारप-मतकरींमध्ये वाचत आलो. पण बाळंतिणीचं, सासुरवाशिणीचं दुःख देवऋष्याने उतरवलं की सगळं आलबेल, असं शेवटच्या रिळात ठासून सांगणं वेगळं. तुझ्या गोष्टीत सून दार आतून लावते ती स्वतःच्या निर्णयाने. देवऋषी आला की तो निर्णय तिच्या हातून जातो, आणि बाई पुन्हा कुणाच्या तरी पायाशी बसते. या एका मुद्द्यावर मी तुझ्या जागी असतो तर अडलो असतो. निर्मात्यांना हे रागाने सांगू नकोस. गोष्ट कुणाची आहे एवढंच विचार. त्यांनी "सुनेची" म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

पण चार दिवसांचे पैसे नाकारू नकोस! पहिल्या चित्रपटाला पॅचवर्कचे चार दिवस कुणी आपणहून देत नाही. ते शेवट मागतात, कारण सून दार का लावते ते त्यांना पोचलेलं नाही. तिचं कारण पक्कं करायला ते दिवस वापर. तिचं आणि सासूचं एक दृश्य, एखादी पहाट, घाटावरून परत येताना वेशीशी थबकणं. मेणवलीचा घाट जवळच आहे, गरज पडली तर तिथे उभं कर. शेवट बदलणं म्हणजे दरवेळी शरण जाणं नसतं. जॉर्डन पीलने 'गेट आउट'साठी आधी नायकाला पोलीस पकडून नेतात असा शेवट केला होता. लोकांना दाखवल्यावर हवाच गेली, आणि त्याने स्वतः तो बदलून मित्र गाडी घेऊन येतो असं केलं. २०१७ च्या त्या चित्रपटात थिएटरं टाळ्यांनी दणाणली ती त्या बदललेल्या शेवटाला.

'तुंबाड'चं उदाहरण तर आपल्या घरचं. राही अनिल बर्वेने नागझिऱ्याच्या जंगलात १९९३ मध्ये मित्राच्या तोंडून नारायण धारपांची गोष्ट ऐकली. चित्रपट पडद्यावर आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. मधल्या काळात निर्माते आले आणि गेले. २०१२ मध्ये चित्रित केलेलं एडिटच्या टेबलावर मनासारखं उतरलं नाही, म्हणून पटकथेवर पुन्हा काम झालं आणि २०१५ मध्ये पुन्हा शूटिंग. श्रेयनामावलीत दिग्दर्शक बर्वे, सहदिग्दर्शक आदेश प्रसाद, क्रिएटिव्ह डायरेक्टर आनंद गांधी, आणि निर्माता सोहम शाह स्वतःच नायक. इतके हात लागूनही चित्रपट एका माणसाने स्वप्नात पाहिल्यासारखा दिसतो, कारण सगळे हात एकाच बाजूला ओढत होते. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

आता नाव काढण्याबद्दल. अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेने अॅलन स्मिथी हे खोटं नाव, स्वतःचं नाव काढून घेणाऱ्या दिग्दर्शकांसाठी, ठेवलं होतं. 'हेलरेझर: ब्लडलाइन' १९९६ मध्ये त्याच नावाने लागला. त्याच संघटनेच्या करारामुळे तिथल्या दिग्दर्शकाला पहिला कट करायला साधारण दहा आठवडे मिळतात, तोवर कुणी हात घालायचा नाही. आपल्याकडे असलं काही संरक्षण नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो. दिग्दर्शकाला सहमालकी द्यायचा प्रस्ताव २०१० च्या विधेयकात होता, २०१२ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा तो वगळला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तामिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेल्या शेवटासह पुन्हा लागली, दिग्दर्शक आनंद राय जाहीरपणे विरोध करत राहिले, ती लागायची ती लागलीच. म्हणून कायद्यावर नाही, कागदावर भिस्त ठेव. पटकथा तुझी असेल तर लेखक म्हणून तुझा हक्क वेगळा आहे, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ती नोंदवली नसशील तर याच आठवड्यात नोंदव. आणि पॅचवर्कला होकार देण्याआधी एक पानी पुरवणी करार मागून घे: पॅचवर्कनंतरचा कट तू आणि तुझा संकलक करणार, तो आधी थिएटरमध्ये बघायचा, आणि तुला न दाखवता लॉक, म्हणजे अंतिम, करायचा नाही. त्यांना तुझ्याकडून चार दिवस हवे आहेत, त्यामुळे तुझ्या शब्दाला आज वजन आहे. पॅचवर्क झाल्यावर ते राहणार नाही. नाव काढायचा विचार सध्या बाजूला ठेव. बत्तीस दिवस उन्हातान्हात राबलेल्या तुझ्या युनिटचंही काम त्या नावामागे आहे.

हे सगळं मी एवढ्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. एका भयपटाचा आम्ही लॉक केलेला कट बाजूला ठेवून दुसऱ्या संकलकाकडून शेवट बदलून घेतला गेला. दिग्दर्शकाला ते प्रीमियरला कळलं. मला आधी कुणकुण लागली होती आणि मी बोललो नाही, पुढचं काम जाईल म्हणून. तो मुलगा अंधारात माझ्या शेजारी बसला होता. त्याने पुन्हा चित्रपट केला नाही. मूळ शेवटाची एकमेव प्रत माझ्याकडे सांगलीत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, माझ्या तळमजल्यावर छातीएवढं आलं. ड्राइव्ह चिखलातून काढल्या, धुतल्या, पुण्याला पाठवल्या. काहीही निघालं नाही.

हे मोठ्या स्टुडिओंकडेही घडतं. पॅरामाउंटने १९९७ मध्ये 'इव्हेंट होरायझन' हा भयपट घाईघाईने पूर्ण करून घेतला, 'टायटॅनिक' रखडल्यामुळे त्यांना तारीख भरायची होती. लांबलचक पहिला कट ९६ मिनिटांवर आला, आणि पुढे दिग्दर्शकाला कापलेलं परत जोडायचं होतं तेव्हा सापडलं ते ट्रान्सिल्व्हेनियातल्या मिठाच्या खाणीत, खराब झालेलं. ब्लॅटीचा मूळ कटसुद्धा २०१६ मध्ये व्हीएचएस टेपवरच्या धूसर दृश्यांनी ठिगळं लावून उभा करावा लागला.

तुझा ११८ मिनिटांचा कट आज आहे तसा, आवाजासकट, तीन ड्राइव्हवर काढ. एक तुझ्याकडे, एक निर्मात्यांकडे त्यांच्या माहितीने, आणि एक मला दे. माझा स्टुडिओ आता दुसऱ्या मजल्यावर आहे. येताना आडाच्या प्रसंगाचे सगळे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, वेगळे करून आण, रहाटाचा आवाज मी देतो.